मिलोच्या डब्यावरची मरीया

आमच्या घरात नवं कॅलेंडर आलं की सासूबाई आधी कात्री मागायच्या. कॅलेंडर किराणावाला द्यायचा, त्यावर लक्ष्मी नाहीतर बालाजी. सोलापुरात आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू विणकरांची होती, म्हणून बालाजी जास्त. सासूबाई चित्र कापून चुलीत घालायच्या आणि खालचा तारखांचा गठ्ठा तेवढा खिळ्याला टांगायच्या. शेजारीण समोर बसलेली असली तरी हात थांबायचा नाही. एकदा ती म्हणाली, "देव हाय की वो त्यो, मावशी." सासूबाई म्हणाल्या, "देव असता तर माझा हात भाजला असता. चहा घे, त्याच्यावरच उकळलाय." ती चहा न पिता उठून गेली आणि परत आमच्या दारात आली नाही.

सासूबाई बायबलबाई होत्या. म्हणजे मिशनच्या वतीनं घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम. लहानपणी आईबाप गेले, मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या, त्यामुळे त्यांची भाषा शुद्ध. आम्ही बाकीचे हाय-न्हाय करणारे. मी चौथी शिकले आणि लग्न झाल्यावर मिलमध्ये रिळाच्या खात्यात लागले. घरात सासूबाई, माझा नवरा, मी, माझी दोन मुलं आणि धाकटा दीर. सासरे मी यायच्या आधीच गेलेले.

मूर्तींचा हा राग नुसता पुस्तकातून आलेला नव्हता. आजेसासऱ्यांकडे मोहोळकडच्या एका खेड्यात मरीआईचं काम होतं. पटकी आली की देवीचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढत न्यायचा. बोकड गावाचा, मान पाटलाचा, ओढायचं काम यांचं. गाड्याबरोबर रोगही बाहेर जातो असं गाव समजायचं. मग यांच्याच घरात रोग शिरला तर दोष यांचाच. मिशनचा माणूस आला तेव्हा आजेसासऱ्यांनी देवीचा लाकडी मुखवटा फोडून त्यावर भाकरी भाजली. गावानं त्यांचा पाय मोडला आणि पाणी बंद केलं. ते फरफटत सोलापूरला आले आणि मरेपर्यंत काठीवर चालले. सासूबाई ही गोष्ट सांगताना पायाबद्दल एका वाक्यात सांगायच्या आणि भाकरीबद्दल दहा वाक्यांत.

अशा घरात बहात्तर साली रोमन सून आली. आम्ही प्रोटेस्टंट, कॅथलिकांना रोमन म्हणायचो. धाकटा दीर होटगीला रेल्वेत होता, तिथल्याच इंजिनात कोळसा घालणाऱ्या एका फायरमनच्या मुलीशी त्यानं लग्न ठरवून टाकलं. फायरमन मूळचा कर्नाटकातला, घरात कानडी, बाहेर मोडकंतोडकं मराठी. सासूबाईंनी अट घातली, लग्न आमच्या चर्चमध्ये. दीर कबूल झाला. मुलीला कुणी विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी तिचा बाप आला, पण चर्चच्या आत पाऊल टाकलं नाही. लिंबाखाली टोपी हातात धरून उभा राहिला, आणि जेवणाच्या आधी निघून गेला.

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, काळी, दातांनी पुढे, कामाला वाघ. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली, मी तिला धाकटी. तिच्या पत्र्याच्या पेटीत चार साड्या, एक जपमाळ आणि हातभर उंचीची मरीयेची मूर्ती होती. निळी शाल, पायाखाली साप, नाकाचा रंग उडालेला. तिच्या मेलेल्या आईची होती ती. सासूबाईंनी पेटी उघडली तेव्हा मी शेजारीच होते.

"ही कोण?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"मरीयामाता, आत्या."

"माझ्या सासऱ्यांनी एक मरीआई घराबाहेर काढली, तू दुसरी आणलीस."

"तसली न्हाय की वो ही. ही येशूची आई हाय."

"मग येशूला सांग सांभाळायला. तुला कशाला त्रास?"

मी हसले. हसण्यासारखंच होतं.

मरीयेबद्दल आमचं म्हणणं सरळ आहे आणि माझं आजही तेच आहे. ती चांगली बाई होती. देवानं तिला निवडलं, तिनं हो म्हटलं, मुलगा वाढवला आणि त्याला डोळ्यांदेखत मरताना पाहिलं. पण ती बाई होती. माझ्याकडे मागा, असं ती शास्त्रात कुठे म्हणत नाही. लग्नघरात द्राक्षारस संपला तेव्हासुद्धा तिनं चाकरांना मुलाचं ऐकायला सांगितलं आणि बाजूला झाली. तिला उचलून चौथऱ्यावर उभी करायची, मुकुट घालायचा, मेणबत्त्या लावायच्या, नवस बोलायचे, यातलं काही तिनं मागितलेलं नाही. बापाची भीती वाटते म्हणून माणसं आईच्या पदराआड जातात, तसलं ते आहे. रोमन लोक म्हणतात, आम्ही पूजा करत नाही, मान देतो. पूजेचे गुडघे वेगळे आणि मानाचे वेगळे असतात का, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

धाकटीनं मात्र पहिल्याच आठवड्यात सासूबाईंशी यावर वाद घातला. आमच्या घरात तोवर कुणी घातला नव्हता.

"आमी तिच्याकडं मागत न्हाय, आत्या. आमच्यासाठी तू माग, असं म्हणतो. तुमी न्हाय का पाळकांना म्हणत, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून?"

"पाळक जिवंत आहेत. मेलेल्या बाईला ऐकू येत नाही."

"स्वर्गात कोण मेलेलं असतंय व्हय?"

सासूबाई बायबल घ्यायला वळल्या. तेवढ्यात धाकटीनं भिंतीकडे बोट केलं. तिथे मिशनच्या जुन्या मडमसाहेबांचा फोटो होता. त्यांनीच सासूबाईंना बोर्डिंगात वाढवलेलं. त्या मेल्यावर सासूबाईंनी फोटो फ्रेम करून घेतला होता आणि त्याला चंदनाच्या सालीचा हार होता.

"मग हिला हार कशाला वो? हिला तरी काय दिसतंय?"

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. सासूबाई उठल्या, स्टुलावर चढल्या, हार काढला. मग फोटोही काढला आणि कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. खाली उतरून म्हणाल्या, "मी माझी काढली. आता तू तुझी काढ."

धाकटीनं काढली नाही. म्हणून सासूबाईंनी ती स्वतः काढली, आणि फोडली नाही, कामाला लावली. बहात्तरचा दुष्काळ होता, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि तिच्या पिठाच्या डब्याचं झाकण ढिलं होतं. उंदीर झाकण सरकवायचे. सासूबाईंनी झाकणावर मरीया ठेवली. "बस इथे. एवढं तरी कर." रोज पीठ घेताना तिला मुंडक्याला धरून उचलायचं, खाली जमिनीवर ठेवायचं, पीठ काढायचं, परत वर ठेवायचं. स्वयंपाक धाकटीच करायची. ती दोन्ही हातांनी उचलायची आणि जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, "बघ, काल उंदीर तिच्या डोक्यावर बसला होता. हाकलताही आला नाही तिला." माझी मुलं हसायची. मूर्तीच्या निळ्या शालीवर पिठाचा थर बसला. जपमाळ धाकटी पदराआड ठेवायची, भाकरी थापताना ओठ हलायचे.

त्याच दुष्काळात रोमन फादरांच्या बंगल्यावर परदेशातून आलेलं तेल आणि दुधाची पावडर वाटत. धाकटी रांगेत उभी राहून आणायची. पिवळं तेल, पत्र्याच्या डब्यात. सासूबाई ते तेल खायच्या. मी एकदा म्हटलं, "आत्या, हे मूर्तीवाल्यांचं तेल हाय." त्या म्हणाल्या, "तेल अमेरिकेचं आहे. त्यांनी फक्त वाटलंय." आणि आमटीला फोडणी घातली.

त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये धाकटीला मुलगी झाली. बारकी, चिमणीसारखी. उन्हाळा असा की पत्र्याच्या घरात दुपारी पाण्याच्या घागरीही तापायच्या. पाणी टँकरचं, एका घराला मोजकं. धाकटी अंथरुणातून उठली आणि तिचं एकच सुरू झालं, लेकराचा बाप्तिस्मा करा.

इथे दोन घरांतला फरक सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात लेकरांचा बाप्तिस्मा होतो, पण लेकरू त्याआधी गेलं तर देव त्याला टाकतो असं आम्ही मानत नाही. आज नाही तर पुढच्या महिन्यात. रोमनांमध्ये तसं नाही. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आधी लेकरू गेलं तर त्याला स्वर्ग नाही, असं धाकटीला लहानपणापासून शिकवलेलं. तिचा एक भाऊ तसाच गेला होता आणि होटगीला त्याला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं होतं. भिंतीबाहेर बोरीचं झाड होतं, तिथली बोरं ती पोरं खायची नाहीत, असं तिनं मला सांगितलं. म्हणून जी गोष्ट सासूबाईंच्या लेखी सावकाशीची होती, तिच्यावर धाकटीचा जीव टांगलेला होता. सासूबाईंना हे बरोबर समजलं होतं.

त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा मंडळीतल्या आईबापांच्या लेकराचा होतो. तू अजून मंडळीत नाहीस, प्रभुभोजनाला बसत नाहीस. चर्चच्या पंचांसमोर बस, परीक्षा दे."

चर्चच्या मागच्या खोलीत परीक्षा झाली. पाळक आणि तीन पंच. एक पंच मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होता, माझ्याच खात्यात, आवाज मोठा. आम्ही बायका दारात उभ्या. पाळकांनी येशूबद्दल विचारलं, तिनं सगळं बरोबर सांगितलं. मग जॉबरनं विचारलं, "धा आज्ञांतली दुसरी सांग बघू."

ती लगेच म्हणाली, "देवाचं नाव उगाच घेऊ नये."

ती तिसरी आज्ञा. दुसरी मूर्तीची, कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, ती. आमच्यातलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल.

"घ्या!" जॉबर मांडीवर थाप मारून म्हणाला. "जी अडचणीची, तीच खाल्ली! रोमनांनी मूर्तीची आज्ञाच गाळून टाकली."

"गाळली न्हाय वो, काका. ती पयलीतच हाय."

"पयली येगळी. मोज."

तिनं बोटांवर मोजल्या. तिच्या दहा भरल्या. जॉबरनं आपल्या मोजल्या. त्याच्याही दहा भरल्या. तिनं परत मोजल्या, मोठ्यानं. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की रोमन लोक मूर्तीची आज्ञा पहिलीत धरतात आणि लोभाची शेवटची आज्ञा दोन करून मोजतात. आज्ञा त्याच, मोजणी वेगळी. तेव्हा तिथे कुणालाच हे माहीत नव्हतं, पाळकांनाही नाही. ती खोटं बोलत नव्हती आणि पंचही खोटं बोलत नव्हते. पण पंच चार होते असं समजा, पाळक धरून, आणि ती एकटी.

पाळक मऊ माणूस. म्हणाले, "समजलंय तिला. शिकेल."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "शिकेल नव्हे. घरात मूर्ती आहे अजून."

"अवो आत्या, ती पिठाच्या डब्यावर ठिवलीया तुमीच!"

"तू तिला पाटावर ठेवतेस. मी रोज बघते."

मग ठरलं. गुरुवारी आमच्या घरी प्रार्थना होती. त्या वेळी तिनं मंडळीसमोर मूर्ती आपल्या हातानं फोडायची. फोडली की येत्या रविवारी ती मंडळीत, आणि त्याच रविवारी लेकराचा बाप्तिस्मा. फोडायची तिनंच. सासूबाईंनी हे मुद्दाम दोनदा सांगितलं.

धाकटी म्हणाली, "मी बापाला भेटून येते."

सासूबाईंनी मला तिच्याबरोबर धाडलं, नजर ठेवायला. लेकरू मी घेतलं होतं, गाडीत ते तापानं कढत लागत होतं. होटगीला रेल्वेच्या क्वार्टरच्या दारात तिचा बाप बनियनवर बसला होता. उठला नाही. आत ये म्हणाला नाही. आम्ही उन्हात उभ्या. ती कानडीत बोलायला लागली, तो मराठीत उत्तर देत होता, मला कळावं म्हणून.

"फादरला म्या इचारलं हाय," तो म्हणाला. "नवऱ्याला घेऊन ये, लगीन परत आपल्यात लाव, मग पोरीला पानी."

"तो यायचा न्हाय, अप्पा."

"मग मी काय करू? त्यांच्या चर्चात उभी ऱ्हायलीस तवा इचारलंस मला?"

"लेकरू आजारी हाय."

त्यानं लेकराकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. मग विचारलं, "आईची मूर्ती नीट हाय का?"

ती म्हणाली, "हाय."

"ती तरी सांभाळ. बाकी तर काय सांभाळलं न्हाईस."

आतून भावजयीनं तांब्याभर पाणी आणून दारात ठेवलं. धाकटीनं ते पाणी प्यायलं नाही. मी प्यायले, मला तहान लागली होती. परतीच्या गाडीत तिनं मला एवढंच विचारलं, "अक्का, वरवंट्यानं फुटंल का ती?" मी म्हटलं, "आत पोकळ असती. फुटंल."

गुरुवारी घर भरलं. पंधरा-वीस माणसं, बायका चटईवर, पंच खुर्च्यांवर. गीत झालं, शास्त्रवाचन झालं, पाळकांनी प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा छोटी होती. मग सासूबाईंनी पाटा मधोमध आणून ठेवला आणि डब्यावरची मूर्ती आणून त्यावर आडवी ठेवली. पीठ झटकलंही नाही. धाकटीनं लेकरू माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि वरवंटा उचलला. कुणी रडेल असं वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. तिनं मिरची वाटताना घ्यावा तसा वरवंटा धरला आणि मारला.

पहिल्या घावात मूर्तीचा हात तुटला. दुसऱ्यात शाल. ती थांबली, पाळकांना म्हणाली, "बास?"

पाळक बोलणार तेवढ्यात जॉबर म्हणाला, "त्वांड ऱ्हायलंय."

तिनं मुंडकं हातानं नीट सरळ केलं, वर तोंड करून ठेवलं, आणि त्यावर वरवंटा घातला. आत पांढरं होतं, खडूसारखं. सासूबाईंनी एक तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा. एवढंच होतं आत." त्यांच्या आवाजात आनंद होता, पोरीला मिळवल्याचा नव्हे, वाद जिंकल्याचा. एका बाईनं हालेलूया म्हटलं. मग चहा झाला, त्या अमेरिकन दुधाच्या पावडरीचा. धाकटीनंच केला. तुकडे झाडून बाहेर टाकले. गल्लीतल्या पोरींनी ते वेचून दारासमोर ठिक्करपाण्याची घरं आखली.

मूर्ती फुटायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मेलेल्या आईची असली म्हणून मूर्तीची काही वेगळी वस्तू होत नाही. पण लेकराच्या डोक्यावरचं पाणी अडवून धरायचं आणि त्याच्या बदल्यात वरवंटा हातात द्यायचा, हे शास्त्रात कुठे आहे ते मला सासूबाईंनी कधी दाखवलं नाही, आणि त्यांना सगळं शास्त्र पाठ होतं.

शुक्रवारी लेकराला तापाबरोबर हगवणही लागली. दवाखान्यातून औषध आणलं, पोटात ठरेना. शनिवारी सकाळी मी पहिल्या पाळीला निघाले होते, डबा भरायला आत गेले तर धाकटी मोरीपाशी लेकराला आडव्या हातावर घेऊन बसलेली. दुसऱ्या हातात फुलपात्र. लेकराच्या डोक्यावर थोडं थोडं पाणी घालत होती आणि पुटपुटत होती.

"काय करतीस गं?"

"बाप्तिस्मा. लेकरू जायला टेकलं तर कुणीबी घातलेलं चालतंय, आमच्यात. बाईनं घातलं तरी."

"उद्या व्हणारच हाय की चर्चात."

"उद्या कुटं हाय, अक्का?" ती म्हणाली. लेकराकडे बघितल्यावर मलाही ते दिसलं. "तुमी बघितलं न्हवं? बास. एक माणूस बघायला लागतंय."

मी म्हटलं, "पाण्यानं लेकरू वाचत न्हाय आन पाण्याबिगर बुडतबी न्हाय."

"तुमच्यात नसंल बुडत."

भोंगा झाला, मी गेले. पाळी सुटून आले तेव्हा दारात चपला दिसल्या. लेकरू दुपारी गेलं होतं. पाळक आलेले होते, पंच आले होते, दीर भिंतीला टेकून बसला होता. लेकराला पांढऱ्या कापडात गुंडाळून चटईवर ठेवलं होतं. पाळक चांगल्या मनानं म्हणाले, "मुली, बाप्तिस्मा राहिला याची काळजी करू नकोस. लेकराला पाण्याची गरज नसते. ते प्रभूजवळ गेलं."

सासूबाईही म्हणाल्या, आणि मायेनंच म्हणाल्या, "आमच्यात कुणाला भिंतीबाहेर पुरत नाहीत. तुझं लेकरू आत जाईल, सगळ्यांच्या बरोबर."

धाकटीनं मान वर केली. "गरज नसती?"

"नसते," पाळक म्हणाले.

"मग मला ती फोडायला का लावलं?"

पाळकांनी जॉबरकडे पाहिलं. जॉबरनं छताकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "ते लेकरासाठी नव्हतं. तुझ्यासाठी होतं."

"मला न्हवतं पायजे," ती म्हणाली.

तिन्हीसांजेच्या आत कबरस्तानात नेलं. खड्डा बारकाच लागला. होटगीला निरोप धाडला होता, तिचा बाप आला नाही. पाळकांनी पुस्तक उघडलं आणि विचारलं, "नाव?" आमच्यात नाव बाप्तिस्म्याला ठेवतात. सासूबाईंनी मडमसाहेबांचं नाव ठरवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "नाव ठेवायचं राहिलं. बाळ म्हणा."

"नाव हाय," धाकटी म्हणाली. "मरीया."

"कुणी ठेवलं?"

"मी. आज सकाळी बाप्तिस्मा झालाय तिचा."

"कुठे?" सासूबाईंचा आवाज चढला.

"मोरीत."

जॉबरच्या तोंडातून 'मोरीत!' असं निघालं, आणि मागून कुणीतरी हसू दाबलं. सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलतेय. टाकलेली मूर्ती आता लेकराच्या रूपानं आत घालायला बघतेय."

मी म्हटलं, "खोटं न्हाय. म्या बघितलंय."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. पाळक घाम पुसत उभे होते. मोरीतला बाप्तिस्मा धरायचा की नाही ते त्यांनी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "नाव शास्त्रातलंच आहे. आपल्या मंडळीतही आहेत." होत्याच. जॉबरची बायकोच मरीया होती, ती तिथंच डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिचं नाव कुणाला कधी खटकलं नव्हतं.

पुरुषांनी टोप्या काढल्या. पाळकांनी, मरीया नावाच्या या लेकराला आम्ही मातीत ठेवतो, असं मोठ्यानं म्हटलं. ज्या माणसांनी गुरुवारी चहा प्यायला होता, ती सगळी माना खाली घालून उभी राहिली आणि शेवटी आमेन म्हणाली. सासूबाईंनी मूठभर माती टाकली, पण आमेन म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मला वाटलं होतं ती येणार नाही. आली, पांढरी साडी नेसून, माझ्या शेजारी बसली. ठरल्याप्रमाणे पाळकांनी तिला मंडळीत घेतल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे ठराव झाला की पाळला जातो. मग प्रभुभोजनाचं ताट फिरलं, पावाचे बारके तुकडे. ताट तिच्या हातात आलं. सासूबाई पुढच्या बाकावरून मागे वळून बघत होत्या. त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामात रोमन बाई त्यांनी ही पहिलीच आणलेली.

धाकटीनं ताटात पाहिलं आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"घे," सासूबाई दातांत म्हणाल्या. "आता तुला कुणी अडवत नाही."

"आता कशाला, आत्या?" ती म्हणाली. हळू नाही म्हणाली, साध्या आवाजात. चार बाकांवर ऐकू गेलं.

मी माझा तुकडा घेतला आणि ताट पुढे दिलं. माझा त्याच्यावर विश्वास होता.

पुढच्या महिन्यात दिरानं केमला बदली घेतली. तिनंच मागायला लावली, असं तो म्हणाला. केमला स्टेशन होतं, क्वार्टर होतं, पाणी बरं होतं. तिथे तेव्हा आमचं चर्च नव्हतं आणि रोमनांचंही नव्हतं.